मोजमाप : रानमेव्याचा ताळेबंद

मे महिन्यात भारतात फोन लावला की आपल्यापैकी बहुतेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "यंदा हापूस काय भाव?" करवंदांचा भाव मात्र कुणी विचारत नाही. करवंदांनाही भाव असतो, घाटात पानांच्या द्रोणात ती विकून कुणाचा तरी दिवस निघतो, हे आपण इथे येऊन विसरूनच गेलोय.

अलीकडे मात्र करवंदांना एकाएकी भाव आला आहे, पण तो व्हॉट्सअ‍ॅपवर. दर आठवड्याला कुणीतरी काहीतरी पुढे ढकलतं. करवंदात म्हणे ३९ मिलिग्रॅम लोह असतं. जांभळाच्या बीने मधुमेह पळतो. एक आवळा म्हणजे वीस संत्री. कोकमाच्या भावकीतल्या फळाची गोळी घेतली की वजन आपोआप उतरतं. इंडियन ग्रोसरीत गेलं तर या सगळ्यांच्या बाटल्या, पावडरी आणि कॅप्सूल ओळीने मांडलेल्या दिसतात, आणि किमती पाहिल्या की हापूसची पेटी स्वस्त वाटायला लागते.

आम्ही पडलो इंजिनिअर. आकडा दिसला की आधी त्याची अट विचारायची, ही खोड जात नाही. मोटारीची ताकद अमुक हॉर्सपॉवर आहे असं कुणी सांगितलं, तर आम्ही विचारणार, "किती फेऱ्यांना?" फळांचंही तेच आहे. १०० ग्रॅममध्ये एवढं लोह म्हणजे ताज्या फळाच्या की वाळवलेल्या? पिकलेल्या की कच्च्या? सालीसकट की सोललेल्या? आमचं म्हणणं थोडक्यात असं : रानमेव्याचं पोषण अगदी खरं आहे, पण त्याच्या प्रत्येक आकड्याला अट आहे. ती अट ज्यांना ठाऊक आहे अशी माणसं दिवसेंदिवस कमी होत चालली आहेत. झाड शिल्लक राहील आणि ते ओळखणारं कुणी उरणार नाही, असा दिवस फार लांब नाही.

असो. आधी हिशेब.

३९ मिलिग्रॅमचं कोडं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं जे जुनं कोष्टक काढलं आहे (त्याची सुधारित आवृत्ती १९८९ ची), त्यात करवंदाच्या दोन ओळी आहेत. एक ताज्या करवंदाची, दुसरी वाळवलेल्या करवंदाची. ३९.१ मिलिग्रॅम लोह हा आकडा दुसऱ्या ओळीतला आहे. ताज्या करवंदाच्या ओळीत लोहाचा आकडाच नाही. संदेश पाठवणाऱ्याने खालची ओळ उचलली आणि वरच्या फळाला चिकटवली.

मग ताज्या फळात लोह असतं तरी किती? ते साध्या त्रैराशिकाने काढता येतं. ताज्या करवंदात ९१ टक्के पाणी, म्हणजे १०० ग्रॅममध्ये सुका ऐवज ९ ग्रॅम. वाळवलेल्यात पाणी १८.२ टक्के, म्हणजे सुका ऐवज जवळजवळ ८२ ग्रॅम. वाळवल्यावर सगळं नऊपट दाट झालं. तेव्हा ३९.१ ला ९ ने भागायचं : सव्वाचारच्या आसपास.

हा भागाकार बरोबर आहे का, याचा ताळा त्याच कोष्टकात सापडतो. वाळवलेल्या करवंदाचे उष्मांक ३६४. नऊने भागले तर ४० येतात, आणि ताज्या फळाचे कोष्टकात ४२ दिले आहेत. वाळवलेल्यात कॅल्शियम १६० मिलिग्रॅम. नऊने भागलं तर १८ येतं, कोष्टकात ताज्याचं २१ आहे. हिशेब जुळतो. लोहाच्या बाबतीत थोडा हात राखून बोलावं, कारण जमिनीवर वाळत घातलेल्या फळाला लागलेली मातीही लोह वाढवून दाखवू शकते. पण तीन-चार मिलिग्रॅम धरायला हरकत नाही.

आता कुणी म्हणेल, ३९ चे ४ झाले, म्हणजे करवंद पडलंच की! तसं नाही. सफरचंदाच्या १०० ग्रॅममध्ये लोह ०.१२ मिलिग्रॅम. त्याच्यापुढे चार म्हणजे तीसपटीहून जास्त. पाळी चालू असलेल्या वयातल्या बाईला अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे रोज १८ मिलिग्रॅम लोह लागतं. शाकाहारी असेल तर १.८ पट धरावं असं सांगतात, म्हणजे ३२ च्या घरात, कारण भाजीपाल्यातलं लोह मांसातल्या लोहाइतकं सहज अंगी लागत नाही. तेव्हा दोन-तीन ओंजळी करवंदांनी गरज भागत नाही, पण हातभार नक्की लागतो. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर तो हातभारही निम्माशिम्मा वाया जातो, हेही आपल्या चहाबाज मंडळींच्या कानावर घातलेलं बरं. उलट 'क' जीवनसत्त्व असलेलं काही आंबट जेवणाबरोबर घेतलं तर लोह जास्त अंगी लागतं. वरणभातावर लिंबू पिळायची आपली पद्धत या दृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध आहे.

आवळा : एकाच संस्थेचे दोन आकडे

वीस संत्र्यांचा दावा कुठून आला, तेही पाहू. वर सांगितलेल्या जुन्या कोष्टकात आवळ्याचं 'क' जीवनसत्त्व १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम आहे आणि संत्र्याचं ३०. भागाकार वीस. पण त्याच संस्थेने २०१७ साली देशभरातून नमुने गोळा करून नवी कोष्टकं प्रसिद्ध केली, त्यात आवळ्याचा आकडा २५२ आहे. अमेरिकेच्या शेतीखात्याच्या कोष्टकात संत्र्याचा आकडा ५३. म्हणजे नवा भागाकार पाचाच्या जरा खाली.

यातलं खोटं कोणतं? कोणतंच नाही. झाडाची जात वेगळी, फळ किती पिकलेलं ते वेगळं, तोडल्यापासून किती दिवस गेले ते वेगळं आणि मोजायची रीतही वेगळी. नैसर्गिक मालाचा आकडा हा नटबोल्टच्या आकड्यासारखा नसतो. तो एक पल्ला असतो, आणि आपण त्याचं वरचं टोक धरून बसतो.

पण खालचं टोक धरलं तरी एक बऱ्यापैकी मोठा आवळा, बी काढून ३५ ग्रॅमचा, ८८ मिलिग्रॅम देतो. बाईची रोजची गरज ७५, पुरुषाची ९०. एका आवळ्यात दिवस भागला. त्यासाठी कॅप्सूलची बाटली कशाला? आपल्या ग्रोसरीच्या फ्रीझरमध्ये गोठवलेला आवळा मिळतो. तो आणून, किसून, मीठ-जिऱ्याबरोबर पानात वाढला की काम झालं. मोरावळा चवीला उत्तम, पण त्यात आवळ्यापेक्षा साखरेचा हिशेब मोठा असतो. शिवाय उकळल्याने आणि उन्हात सुकवल्याने 'क' जीवनसत्त्वाची घट होतेच.

लहान फळाचं गणित

रानफळं एवढी पौष्टिक का, यामागे काही गूढ नाही. एक कारण तर शाळेतल्या भूमितीत आहे. गोलाचा व्यास निम्मा केला की त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग दुप्पट होतो. रानातलं बोर एक सेंटिमीटरचं, आणि हल्ली बाजारात जे ॲपल बोर मिळतं ते चार सेंटिमीटरचं धरलं, तर रानबोराच्या प्रत्येक ग्रॅमला साल चौपट येते. फळाचा बराचसा रंग, तुरटपणा आणि चोथा सालीत असतो. जांभूळ खाऊन जीभ जांभळी करणारं जे रंगद्रव्य, ते मुख्यतः सालीतलंच. म्हणून लहान फळ सालीसकट खाणाऱ्याच्या पोटात हा ऐवज जास्त जातो.

दुसरं कारण आपण स्वतः. माणसाने फळझाडं निवडत आणली ती मोठ्या आकारासाठी, गोडीसाठी, आणि ट्रकमधून हजार मैल टिकावं म्हणून. आंबट, तुरट, बियांचं, लगेच मऊ होणारं असेल ते मागे टाकलं. त्यात पोषण किती, हा प्रश्न निवड करताना सहसा कुणी विचारला नाही. साधं बोर घ्या. जुन्या कोष्टकाप्रमाणे त्याचं 'क' जीवनसत्त्व १०० ग्रॅमला ७६ मिलिग्रॅम, संत्र्याच्या अडीचपट. संक्रांतीनंतर आपण इथे मुलांचं बोरन्हाण हौसेने करतो आणि बोरं मिळत नाहीत म्हणून चॉकलेटच्या गोळ्या ओततो. हौस पुरी होते, पोषणाचं काय ते दंतवैद्याला विचारा!

आपल्या जुन्या चालीरीतींकडे या नजरेने पाहिलं की गंमत वाटते. कार्तिकात आवळीभोजन, संक्रांतीला बोरं, चैत्र-वैशाखात करवंदं, पावसाच्या तोंडावर जांभळं. कोणतं फळ केव्हा खायचं, हे त्या कॅलेंडरातच लिहिलेलं होतं. आकड्याची अट म्हणतो ती हीच.

औषध म्हणून?

इथे मात्र सांभाळून. जांभूळ आणि मधुमेह हा आपल्या समाजात फार नाजूक विषय आहे, कारण घरटी एकाला तरी साखर आहे. २००० साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी जांभळाच्या पानांच्या चहाची माणसांवर चाचणी प्रसिद्ध केली. साखर उतरल्याचं दिसलं नाही. बियांच्या भुकटीवर प्राण्यांमध्ये बरेच प्रयोग झाले आहेत, पण त्यावरून डॉक्टरांची गोळी बंद करण्यासारखा पुरावा झालेला नाही. जांभूळ फळ म्हणून खुशाल खावं. गोळीच्या जागी नको.

कोकमाच्या भावकीतलं जे फळ वजन उतरवायच्या कॅप्सूलमध्ये असतं, त्याची अमेरिकेत १३५ जाड माणसांवर १२ आठवडे चाचणी झाली, आणि ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना खोटी गोळी दिली त्यांचं वजन सरासरी ४.१ किलो उतरलं, ज्यांना खरी दिली त्यांचं ३.२. आहारावर सगळ्यांनाच बंधन होतं, जे काही उतरलं ते त्यामुळे. शिवाय अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकात आहेत. आमसुलाच्या सारावर मात्र त्याचा डाग लागू देऊ नये. सार पिऊन कुणाचं काही बिघडल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

इथले भाऊबंद

आता आपल्या अंगणाकडे वळू. रानमेवा सह्याद्रीत राहिला आणि आपण इकडे आलो, असं आपण म्हणतो. पण बॅकयार्डात नीट पाहिलं तर त्याचे सख्खे-चुलत भाऊबंद इथेही भेटतात, आणि त्यांचीही तीच गत आहे : फळ पायदळी, आणि पोषण बाटलीतून.

पहिली तुती. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा अनेक राज्यांत ती पिकत असेल. पांढरी तुती अमेरिकेत आणली ती वसाहतींच्या काळात, रेशमाच्या आशेने. रेशीम काही जमलं नाही, झाडं मात्र पसरली. आज तिची ओळख म्हणजे ड्राइव्हवेवर डाग पाडणारी कटकट. १०० ग्रॅम तुतीत लोह १.८५ मिलिग्रॅम आणि 'क' जीवनसत्त्व ३६ मिलिग्रॅम. दुकानातल्या महागड्या ब्लूबेरीत ते अनुक्रमे ०.३ आणि १० च्या आसपास. तुती दोन दिवसांत मऊ पडते म्हणून दुकानात येत नाही, एवढाच तिचा गुन्हा. झाडाखाली जुनी चादर धरून फांदी हलवावी, पिकलेली तेवढीच पडतात.

दुसरं नेटाल प्लम. दक्षिण कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडातल्या मंडळींनी हे शंभरदा पाहिलं असेल. ऑफिसांभोवती काटेरी, चकचकीत हिरवं कुंपण, पांढरी चांदणीसारखी सुवासिक फुलं, लाल फळं. मूळ दक्षिण आफ्रिकेचं, पण कुळ थेट करवंदाचं. फळ तोडलं की तसाच पांढरा चीक. शेतीखात्याच्या कोष्टकात त्याचं लोह १.३१ आणि 'क' जीवनसत्त्व ३८ मिलिग्रॅम आहे. पूर्ण लाल आणि मऊ झालेलं फळच खावं. झाडाचा बाकी भाग विषारी मानतात.

आणि इथेच एक मोठा इशारा. त्याच कॅलिफोर्नियात फ्रीवेच्या कडेने मैलोन् मैल आपली कण्हेर लावलेली आहे. कण्हेर आणि करवंद एकाच मोठ्या कुळातली, दोघांनाही चीक. पण कण्हेरीचा कणन् कण विषारी, पान चघळलं तरी जिवावर बेतू शकतं. तेव्हा "दिसायला करवंदासारखं आहे" एवढ्यावर काहीही तोंडात टाकू नये, मुलांना तर मुळीच देऊ नये.

तिसरं रानटी पर्सिमन. विदर्भातल्या वाचकांना टेंभुर्णी, म्हणजे तेंदू, सांगायला नको. पानं विडीला जातात आणि पिवळी गोड फळं पोरांच्या पोटात. तिची अमेरिकन बहीण कनेटिकटपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला टेक्सासपर्यंत रानात उगवते. दुकानात जे मोठं नारिंगी पर्सिमन मिळतं ते जपानी. दोघींचे आकडे शेजारी ठेवून पाहा. जपानी : 'क' जीवनसत्त्व ७.५, लोह ०.१५ मिलिग्रॅम. रानटी : ६६ आणि २.५. आकार लिंबाएवढा, पण ऐवज कितीतरी जास्त. अट मात्र कडक. पूर्ण पिकून लिबलिबीत होईपर्यंत हात लावायचा नाही. कच्चं फळ इतकं तुरट असतं की जीभ टाळ्याला चिकटते, आणि कच्ची फळं पुष्कळ खाल्ली तर त्या तुरट द्रव्याचे पोटात खडे होऊ शकतात. शरद ऋतूत झाडाखाली आपोआप पडलेली घ्यावीत, चाळणीवर घासून गर काढावा. लाल भोपळ्याऐवजी हा गर घालून घारगे करून पाहा. गूळ निम्मा पुरतो.

चौथं पॉपॉ. नाव पपईसारखं, पण कुळ सीताफळाचं, आणि कापल्यावर त्याची खूण पटते : पिवळा मऊ गर, मोठ्या काळपट बिया. अमेरिकेच्या मातीतलं हे सगळ्यात मोठं फळ. ओहायोने २००९ साली त्याला राज्याचं देशी फळ ठरवलं, आणि केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीत त्याच्यावर वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे. तरी दुकानात दिसत नाही, कारण पिकल्यावर दोन-तीन दिवसांत काळं पडतं. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर त्याचा हंगाम. साल आणि बी खायची नाही. सीताफळाची बी वाटून आपल्याकडे उवांवर लावायचे आणि डोळ्यांना जपा म्हणायचे, तोच गुण यातही. गरातही त्या जातीचं द्रव्य थोडं असतं, काहींना त्याने मळमळतं, म्हणून पहिल्यांदा चमचाभरच खावं आणि रोजचं अन्न करू नये. शिजवल्यावर आणि वाळवल्यावर त्रास झाल्याचं जास्त सांगतात. तेव्हा सीताफळ रबडीसारखं करायचं तर आटवलेलं दूध गार करून मग गर मिसळावा, विस्तव दाखवू नये.

पाचवं ऑटम ऑलिव्ह, आणि हे आमचं सगळ्यात आवडतं. महाबळेश्वर-माथेरानच्या रानात आंबगूळ नावाची वेल असते. पानांची मागची बाजू चंदेरी, फळ लालसर, त्यावर चांदीचे ठिपके, चव आंबट. हे झुडूप तिच्याच कुळातलं. १८३० साली ते आशियातून अमेरिकेत आणलं, आणि विसाव्या शतकात जमिनीची धूप थांबावी आणि पक्ष्यांना खाद्य मिळावं म्हणून सरकारी प्रोत्साहनाने गावोगाव लावलं. पक्ष्यांनी बी असं पसरवलं की आज अनेक राज्यांत ते उपद्रवी ठरलंय आणि काही ठिकाणी विकायलाही बंदी आहे. याच फळात शेतीखात्याच्या संशोधकांना १०० ग्रॅममागे १५ ते ५४ मिलिग्रॅम लायकोपीन सापडलं. हे २००१ साली प्रसिद्ध झालं. लायकोपीन म्हणजे टोमॅटोला लाल करणारं द्रव्य. टोमॅटोत ते ३ च्या आसपास. आता लायकोपीनने अमुक रोग टळतो असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, पण टोमॅटोच्या बाटलीवर त्याची जाहिरात करायची आणि पाचपट-पंधरापट असलेलं फळ कुंपणाबाहेर सडू द्यायचं, याला काय म्हणावं? सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळं गोळा करावीत, शिजवून, गाळून, गुळाची आणि तिखटाची चटणी करावी. बिया मात्र अंगणात टाकू नयेत, कचऱ्यात बांधून टाकाव्यात. झाड नव्याने लावायचं नाही, आहे त्याचं फळ खायचं. त्यात शेजाऱ्यांचंही भलं आहे.

दक्षिण फ्लोरिडातल्या वाचकांना आणखी एक भाग्य आहे : तिथे खुद्द आपलं जांभूळच रानोमाळ झालंय, इतकं की त्याचं नाव आक्रमक झाडांच्या यादीत गेलंय. ज्यांना हे भाग्य नाही त्यांनी सुटकेसमधून बी किंवा रोप आणायच्या भानगडीत पडू नये. विमानतळावर जप्ती आणि दंड दोन्ही होतात, आणि वरच्या आंबगुळाच्या बहिणीची कथा वाचल्यावर कायदा तसा का आहे हेही लक्षात यावं.

तोंडात टाकण्याआधी

काही नियम आम्ही घरात पाळतो. पान, फूल, फळ तिन्ही ओळखू येत असतील आणि ओळखणारं माणूस बरोबर असेल तरच खायचं. शंका आली तर काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात फांदी दाखवायची, बहुतेक ठिकाणी ते सांगतात. रस्त्याच्या कडेचं आणि फवारणी झालेलं घ्यायचं नाही. जुन्या घरांच्या भिंतीलगतच्या मातीत रंगातलं शिसं असू शकतं, तिथे खाली पडलेलं फळ नीट धुवायचं. पार्कात तोडायला परवानगी आहे का ते पाटीवर वाचायचं. आणि मुलांना पोकवीड आधी शिकवायचं : किरमिजी देठ, त्यावर काळ्या-जांभळ्या मण्यांचे घोस. दिसतात द्राक्षांसारखे, आहेत विषारी, आणि जवळजवळ प्रत्येक बॅकयार्डात उगवतात.

खरा तोटा कुठे आहे

इथपर्यंत जमेची बाजू झाली. ताळेबंदात नावेची बाजूही लिहावी लागते.

सह्याद्रीत करवंदांच्या जाळ्या कमी होतायत. वणव्यात जळतात, राबासाठी तोडल्या जातात, फार्महाउसच्या प्लॉटखाली जातात. करवंदं, आळू, तोरणं, भोकरं टोपलीत घेऊन घाटात आणि स्टेशनवर बसणाऱ्या बहुतेक ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी समाजातल्या बायका. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातला असा गौण माल गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क त्यांना दिला. पण हक्क कागदावर असून जाळीच उरली नाही तर काय गोळा करणार? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्याला कारणं अनेक आहेत, आणि करवंदं खाऊन तो प्रश्न सुटणार नाही. पण चैत्र-वैशाखात, घरातलं धान्य आटत आलेलं असताना, पोराबाळांच्या पोटात फुकट जाणारं लोह आणि 'क' जीवनसत्त्व त्याच जाळीवर होतं. ते गेलं की त्याची जागा पाच रुपयांच्या चिप्सच्या पुड्याने भरते.

शिवाय जाळीबरोबर दुसरंही काही जातं. कोणत्या उतारावरची करवंदं गोड, कोणतं आळू कच्चं खाल्लं तर घसा धरतो, कोणत्या भोकराचं लोणचं घालायचं आणि कोणतं पाखरांना सोडायचं, हे त्या टोपलीवाल्या बाईच्या डोक्यात आहे. आम्ही वर जे आकडे मांडले ते प्रयोगशाळेत पुन्हा मोजता येतील. यंत्र हवं आणि नमुना हवा, बस्स. तिच्या डोक्यातलं ज्ञान मात्र पुन्हा मोजून मिळणार नाही. आणि नमुना कुठला घ्यायचा, हे तिच्याखेरीज सांगणार कोण?

हे तिकडचं झालं. इकडे आपल्या घरातही तसंच एक ज्ञान दर उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर येतं आणि परत जातं. आपले आई-वडील, सासू-सासरे. आपण त्यांना नायगारा दाखवतो, मॉल दाखवतो, आणि बाकीचा दिवस ते सोफ्यावर बसून कंटाळतात. त्यांना घरामागच्या रानात न्या. झाड इथलं असलं तरी पान उलटं करून बघायचं, चीक तपासायचा, वास घ्यायचा, ही रीत त्यांना ठाऊक आहे. नातवंडं बरोबर असू द्यात. करवंद तोंडात टाकण्याआधी "कोंबडा की कोंबडी?" विचारून फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ त्यांना आजोबाच शिकवू शकतात. तुमच्या गावाकडे कोणती रानफळं होती, कोणत्या महिन्यात यायची, काय नावाने ओळखत, कशी खात, हे त्यांच्याकडून वहीत उतरवून घ्या. एका फळाला दर दहा कोसांवर वेगळं नाव असतं आणि त्यातली पुष्कळ नावं अजून कुठल्याच पुस्तकात नाहीत.

ती पानं आमच्याकडे पाठवलीत तर या सदरात आम्ही जिल्हावार छापू. फळाचं नाव, महिना, गाव आणि खायची रीत, एवढं पुरे. कॅप्सूलच्या जाहिराती कृपया पाठवू नयेत.

पुढच्या अंकात : थंडीतलं घर, बेसमेंटचा ओलावा आणि वाढत जाणारं विजेचं बिल.